राणी आधीच वारली होती, ॲलिस मात्र धडधाकट होती

रात्री साडेदहाला ताईचा फोन. ‘चिमीला स्नेहसंमेलनात ॲलिस करू द्यायची नाही असं ठरवलंय. तू तो मेसेज वाचलास ना?’

वाचला होता. तीन दिवसांत तीन ग्रुपांवर आला, शेवटी हात जोडलेले. थोडक्यात मजकूर असा: १९०३ चा ‘ॲलिस इन वंडरलँड’ हा मूकपट शापित आहे. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीला अफू पाजून लहान-मोठं होण्याचा अभिनय करून घेतला आणि शूटिंग संपताच ती गेली. मूळ लेखक स्वतः सेटवर उभा होता. राणी व्हिक्टोरियाने चिडून बंदी घातली, रिळं जाळली. हा जगातला पहिला रंगीत आणि सर्वांत लांब चित्रपट. आणि आपले दादासाहेब फाळके यातच काम करून शिकले, पण इतिहासकार ते लपवतात!

आधी त्या मुलीचं बघू, कारण आमचं घोडं तिच्यापाशी अडलंय. तिचं नाव मे क्लार्क, जन्म १८८५ चा. म्हणजे चित्रपटाच्या वेळी चांगली अठराची. हा ‘ॲलिस’ काढणाऱ्या सेसिल हेपवर्थचा लंडनजवळ वॉल्टन-ऑन-टेम्स इथे स्टुडिओ होता, तिथे ती नोकरीला होती. फिल्म कापण्या-जोडण्यापासून पडेल ते काम करायची, आणि वेळ आली की कॅमेऱ्यासमोरही उभी राहायची. १९०५ मध्ये हेपवर्थने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ काढला, त्यात ती बाळ सांभाळणारी बाई आहे. बागेत एका शिपायाशी गुलूगुलू गप्पा मारतेय आणि तेवढ्यात भिकारीण बाबागाडीतून बाळ उचलून नेते. मेलेल्या मुलीला दोन वर्षांनी हे बरं जमलं!

राहिली अफू. अहो, लहान-मोठी ती होत नव्हती, कॅमेरा तिला करत होता. मध्येच कॅमेरा थांबवायचा, माणूस किंवा वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. किंवा एका चित्रावर दुसरं चढवायचं. बाळाचं डुक्कर होतं तेही असंच. चिमीला मी तो चित्रपट फोनवर दाखवला. तुकडा जुना, ओरखड्यांनी भरलेला. दुसऱ्यांदा बघतानाच ती म्हणाली, ‘मावशी, इथे चित्र उडी मारतं बघ.’ नऊ वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मेसेज ढकलणाऱ्या मोठ्या माणसांना दिसलं नाही. चेशायर मांजर तर हेपवर्थच्या घरचीच, झुडपात कंटाळून बसलेली. ससा आणि पत्त्यांची राणी झालीय हेपवर्थची बायको, बेडूकतोंड्या नोकर तो स्वतः. अफू पाजणारी टोळी म्हणायची ती ही!

लेखकाचं आणि राणीचं एका दमात सांगते. लुईस कॅरल जानेवारी १८९८ मध्ये गेला, व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये. चित्रपट १९०३ चा. तेव्हा गादीवर सातवा एडवर्ड होता. वारलेल्या राणीने बंदी कशी घातली ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

रिळं कोणी शापापायी जाळली नाहीत. हेपवर्थचं १९२४ मध्ये दिवाळं निघालं आणि त्याच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह विकून वितळवल्या गेल्या. ‘ॲलिस’ची एक खराब प्रत तेवढी वाचली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये ती दुरुस्त करून इंटरनेटवर फुकट ठेवली. मूळ साधारण १२ मिनिटांचा, आज आठ-नऊच मिनिटं उरलीत. माझं म्हणणं सोडा, चहा उकळेपर्यंत तोच बघून घ्या.

लांबीबद्दल थोडं मान्य करायला हवं: तेव्हा तो ब्रिटनमधला सर्वांत लांब चित्रपट होता, असं हीच संस्था सांगते. पण जगातला? अमेरिकेत १८९७ मध्येच एका मुष्टियुद्धाचा तासाहून मोठा चित्रपट दाखवला होता. आणि रंग म्हणाल तर फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवून अख्खा प्रसंग एका छटेचा करायचे. त्याला रंगीत चित्रपट म्हणणं म्हणजे निळ्या काचेतून बघून आकाश रंगवलं म्हणण्यासारखं आहे.

फाळक्यांच्या बाबतीत मात्र मला जरा नमतं घ्यावं लागतंय. ते वॉल्टनच्या याच स्टुडिओत गेले होते, हेपवर्थने त्यांना सगळे विभाग हिंडून दाखवले होते. पण १९१२ मध्ये! ‘ॲलिस’ निघाला त्या १९०३ मध्ये ते इकडे पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले होते. आणि इतिहासकार लपवतात कसले, फाळक्यांच्या चरित्रात लंडनच्या फेरीसोबत हे सांगतातच.

एवढं सगळं टाइप करून ताईला पाठवलं. उत्तर आलं, ‘बरं, करू दे तिला. पण मग अफूचं कुणी लिहिलं असेल गं?’

ते मला काय विचारतेस, ग्रुपवर ज्या काकांनी ढकललंय त्यांना विचार.