सिस्टर ओरडल्या नाहीत तर बाळंतपण होतच नाही?

‘लेबर रूममध्ये सिस्टर ओरडतात, मांडीवर चापट मारतात ते भल्यासाठीच. त्याशिवाय बाई जोर लावत नाही. आणि बाळाचं तोंड पाहिलं की ती सगळं विसरते.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, आणि त्याला ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांत बायकाही असतात. यातलं काहीच खरं नाही.

आधी जोर लावण्याचं बघू. पिशवीचं तोंड पूर्ण उघडून बाळाचं डोकं खाली आलं की बहुतेक बायकांना आपोआपच जोर करावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी सांगतात की बाईला त्या ऊर्मीप्रमाणे जोर करू द्या आणि धीर द्या. बाळ लवकर यावं म्हणून पोट दाबू नका, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. घाबरलेली बाई अंग आखडून घेते, सांगितलेलं तिच्या कानात शिरत नाही. ‘कळ गेली ना, आता सैल सोड, पुढच्या कळेला खाली जोर दे,’ असं हात धरून सांगणाऱ्या सिस्टरचं ती ऐकते. आणि कळांनी ओरडणाऱ्या बाईला ‘नवऱ्याजवळ होतीस तेव्हा नाही का ओरडलीस?’ हा टोमणा? त्याने कुठलं बाळ लवकर बाहेर येतं? तो निव्वळ अपमान आहे, विशेषतः गरीब बाईचा.

विसरण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत बाळंतपणाचं शिक्षण देणाऱ्या पेनी सिमकिन यांनी पहिल्या बाळंतपणानंतर १५ ते २० वर्षांनी बायकांना आठवणी विचारल्या होत्या. कोण काय बोललं, कसं वागलं, हे त्यांना लख्ख आठवत होतं. आपल्या आजीला विचारून बघा, तीही सांगेल.

उरतं ‘सिस्टरवर कामाचा ताण असतो’ हे समर्थन. तो ताण खराच आहे. एकाच सिस्टरकडे कळा देणाऱ्या तीन-चार बायका, वर डॉक्टरांची बोलणी, बाहेर नातेवाइकांचा आरडाओरडा. तिच्यावर सगळं खापर फोडणं अन्यायाचंच. पण ताण हे मारहाणीचं कारण असेल, समर्थन नव्हे. सोबतीला हक्काचं माणूस असलं की बाईला आधार मिळतो आणि सिस्टरचाही भार हलका होतो. २६ चाचण्यांच्या २०१७ च्या एकत्रित अभ्यासात, सतत सोबत मिळालेल्या बायकांची नॉर्मल प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त आणि कळांचा काळ थोडा कमी आढळला.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये नर्सेसना १८ महिन्यांचं खास प्रसूतिसेविका प्रशिक्षण देण्याचं धोरण आणलं. अशा प्रसूतिसेविका सगळीकडे पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबत एक नातलग बाई ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली आहे. आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारा, ‘कळा सुरू झाल्यावर माझ्यासोबत आत कोण थांबणार?’ नाही म्हणाले, तर ही मुभा दाखवा.