मैदानाची चाळण कोण करतं?

आट्यापाट्या खेळणारी पोरं आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पदरमोड करून माती आणायची, खडे वेचायचे, पाणी मारून रोलर फिरवायचा, दोरी ताणून फक्कीनं पाट्या म्हणजे आडव्या रेघा आणि मधोमध त्यांना छेदणारी उभी सूरपाटी आखायची. आणि मग? कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी सभा! मांडव उठतो, खिळे, खडी, खांबांचे खड्डे तिथेच. बुजवतात तेही वरून कोरडी माती लोटून! अरे, खड्डा थराथरानं भरा, प्रत्येक थर ओला करून धुम्मसानं ठोका, नाहीतर पहिल्याच पावसात खचतो. पाटीवर आडवं धावणाऱ्याची नजर समोरच्या गड्यावर असते, पायाखाली कधी बघणार? घोटा मुरगळला की संघात नऊचे आठ. बदली गडी आणायचा कुठून? भाडं घेताना मैदान पूर्ववत करून द्यायची अट घालायला कुणी हात धरलाय?