‘पाच धिप्पाड पोरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मिशिगन विद्यापीठाचा २०२४ चा अमेरिकन फुटबॉलचा संघ ऑगस्टच्या सराव शिबिरात कोणत्या अवस्थेत शिरतोय, यावर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली. पूर्ण देतो, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. नवख्यांसाठी: ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चढाईच्या वेळी पुढे ओळीने उभे राहणारे पाच जण, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. क्वार्टरबॅक त्यांच्यामागून बॉल फेकतो किंवा धावपटूच्या हाती देतो. मॅकार्थी आमचा गेल्या मोसमातला क्वार्टरबॅक, मिंटर बचावाचे प्रशिक्षक, हर्बर्ट ताकद वाढवणारे प्रशिक्षक, आणि खुणाचोरी म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचं प्रकरण.

“ऑफेन्सिव्ह लाइनवर चार परिच्छेद आणि क्वार्टरबॅकवर एक? लाइनमध्ये काय असतं, पाच धिप्पाड पोरं उभी केली की झालं. मॅकार्थी गेल्यावर बॉल फेकणार कोण, ते सांगा. मिंटर गेला, हर्बर्ट गेला, वेळापत्रक भयंकर आहे, खुणाचोरीची टांगती तलवार आहे, त्यावर अवाक्षर नाही. हायलाइट्स बघून लिहिलंय हे कळतं. निम्मे शब्द इंग्रजी. आणि किगन तिसऱ्या फेरीत गेला नव्हता. आधी तपासा.”

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात तो) आमच्या दोन गार्डांपैकी झॅक झिंटर तिसऱ्या फेरीत क्लीव्हलँडकडे गेला आणि ट्रेव्हर किगन पाचव्या फेरीत फिलाडेल्फियाकडे. मी दोघांनाही तिसऱ्या फेरीत बसवलं. चूक माझी, मान्य. पण ‘आधी तपासा’ हा सूर कुठला हो? चूक दाखवणं वेगळं आणि छडी उगारणं वेगळं. ‘किगन पाचव्या फेरीत होता’ एवढं लिहिलं असतं तरी मी आभारच मानले असते.

इंग्रजी शब्दांचं म्हणाल तर ‘स्नॅप’ला, म्हणजे सेंटर पायांमधून बॉल मागे देतो त्याला, मराठी शब्द सुचवा, उद्यापासून वापरतो. ‘झटका’ नको.

आणि हायलाइट्स. चौदा वर्षं माझं सीझन तिकीट एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा, बॉल तिथे नेला की टचडाउन) मागचं आहे, वरच्या रांगांमधलं. तिथून पास किती यार्डांवर पडला याचा नीट अंदाज येत नाही, पण लाइनमधल्या पाच जणांची पावलं स्वच्छ दिसतात. हायलाइट्समध्ये नेमकी तीच दिसत नाहीत, कॅमेरा बॉलमागे पळतो. त्यामुळे हायलाइट्स बघून कोण लिहितंय हा प्रश्न मी तुमच्याकडेच परत पाठवतो.

आता ते वाक्य. ‘पाच धिप्पाड पोरं उभी केली की झालं.’

धिप्पाड पोरं कुणाकडे नाहीत? मिशिगन खेळतं त्या बिग टेन गटातल्या कुठल्याही संघात ३०० पौंडांचे, म्हणजे १३६ किलोंच्या आसपासचे, दहा-बारा जण सहज सापडतात. खाली जाडजूड माणसं उभी केली की सात थर आपोआप लागतात असं एखाद्या गोविंदा पथकाला जाऊन सांगा बरं. गुरुपौर्णिमेपासून ते लोक रोज रात्री सरावाला का उतरतात, हे ते तुम्हाला समजावून सांगतील. त्यांच्या पद्धतीने.

लाइनचं काम दोन-दोनच्या जोडीने चालतं. साधा डबल टीम घ्या. गार्ड आणि सेंटर कमरेला कमर लावून समोरच्या बचावातल्या टॅकलला (टॅकल बचावातही असतात, मधे) रेटतात, आणि मग दोघांपैकी एकाने सुटून त्याच्यामागे उभ्या असलेल्या बचावपटूवर, म्हणजे लाइनबॅकरवर, जायचं असतं. कोणी सुटायचं हे आधी ठरत नाही. लाइनबॅकर ज्या बाजूने येईल त्या बाजूचा सुटतो. अर्धं पाऊल लवकर सुटला तर टॅकल त्याच फटीतून आत घुसतो. अर्धं पाऊल उशीर झाला तर लाइनबॅकर येऊन वाट बुजवतो आणि धावपटू दोन यार्डांत आडवा. बोलायला वेळच नसतो, शेजाऱ्याच्या खांद्याचा दाब सैल पडला की समजायचं. अनोळखी माणसाचा खांदा काही सांगत नाही.

पासच्या वेळी याच्या उलट. समोरचे दोघे स्टंट करतात, म्हणजे त्यांचा टॅकल बाहेर फेकला जातो आणि कडेला उभा असलेला एंड त्याच्यामागून वळून आत येतो. इथे आपल्या गार्डने आणि टॅकलने माणसांची अदलाबदल करायची असते. एक जण जरी आपल्या माणसामागे वाहवत गेला तरी मधे दार उघडं पडतं. आणि दोघेही एकाच रेषेत हवेत. एक जण पुढे आणि एक मागे असेल तर अदलाबदल करताना आपापसातच धडकतात.

काउंटर या प्लेमध्ये गार्ड आपली जागा सोडून पलीकडे धावतो. त्याने रिकामी केलेली जागा सेंटरने मागे वळून झाकायची असते. सेंटरला स्नॅप टाकून वळायला उशीर झाला की समोरचा माणूस सरळ हँडऑफमध्येच, म्हणजे धावपटूच्या हाती बॉल जातो तिथेच, येऊन उभा राहतो. बघणारा म्हणतो, धावपटूत दम नाही. लाइन नामानिराळी राहते आणि बोलणी क्वार्टरबॅक किंवा धावपटू खातो.

पुरावे हवेत? २०२३ मध्ये ११ नोव्हेंबरला पेन स्टेटच्या मैदानावर मॅकार्थीने दुसऱ्या हाफमध्ये, अधिकृत नोंदीप्रमाणे, एकही पास फेकला नाही. (एक फेकला होता, त्यावर पेनल्टी लागली म्हणून तो नोंदीत नाही. हे सांगतोय, कारण तुम्ही तपासणार.) अख्ख्या सामन्यात ८ पैकी ७ पास, ६० यार्ड, आणि निकाल २४–१५, आमच्या बाजूने. राष्ट्रीय अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध ३४–१३. त्यात धावून ३०३ यार्ड आणि मॅकार्थीचे पास १४० यार्ड. ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर उचललेला क्वार्टरबॅक हाताशी असताना ही गत.

२५ नोव्हेंबरला ओहायो स्टेटविरुद्ध झिंटरचा पाय मोडला. पुढच्याच प्लेवर ब्लेक कोरम २२ यार्ड धावत टचडाउन करून आला. बघा, गार्ड गेला तरी चाललं की, असं तुम्ही म्हणाल. चाललं, कारण कार्सन बार्नहार्ट उजव्या टॅकलवरून आत गार्डला सरकला आणि ट्रेंटे जोन्स टॅकलला आला. दोघेही वर्षानुवर्षं त्याच लाइनमध्ये मुरलेले. यंदा झिंटर, किगन, न्यूजंट, हेंडरसन, बार्नहार्ट, जोन्स हे सहाच्या सहा गेले. ही मूळ लेखातली मुख्य ओळ होती. तुमच्या नजरेत मात्र किगनची फेरी भरली.

आणि रोझ बोल, अलाबामाविरुद्धचा उपांत्य सामना. जादा वेळ, चौथा डाउन (चार संधींतली शेवटची), एंड झोन तीन यार्डांवर, अलाबामाला टचडाउनशिवाय गत्यंतर नाही. सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनचा स्नॅप खाली पडला, क्वार्टरबॅक जेलन मिलरोला बॉल वाकून घ्यावा लागला, आणि मिलरो मधोमध घुसला तोवर दार बंद झालं होतं. मिशिगन २७–२०. अर्ध्या सेकंदाची लय, तेवढंच. अलाबामाच्या सेंटरला कुणी किरकोळ म्हणेल असं वाटत नाही. तोच मॅक्लॉक्लिन २०२४ च्या मोसमासाठी ओहायो स्टेटकडे गेला.

म्हणून शिबिरात मी पहिल्यांदा सेंटर बघणार. ग्रेग क्रिपेन की डॉमिनिक जुडिस, हा प्रश्न माझ्या मते क्वार्टरबॅकच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. मधला लाइनबॅकर कोणता हे सेंटर बोटाने दाखवतो, त्यावरून पाचही जणांची माणसं ठरतात. त्याने चुकीचा माणूस दाखवला तर पाचही जण एकदम चुकतात, आणि तेही अगदी शिस्तीत. २०२४ पासून हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाच्या सूचना ऐकायला रेडिओ आलाय, प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूसाठी. पण प्ले क्लॉकवर (पुढच्या स्नॅपची वेळ मोजणारं घड्याळ) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. बचावाची खरी हालचाल त्यानंतरच सुरू होते. म्हणजे शेवटच्या पंधरा सेकंदांत सेंटर आणि क्वार्टरबॅक दोघेच. परक्या मैदानावर आवाजात तेही ऐकू येत नाही. तिथे गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण बघतो, सेंटरला थाप मारतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेल्या ठोक्याला स्नॅप देतो. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मैदानावर, सिअ‍ॅटलमध्ये हे पहिल्यांदा करावं लागणार, कारण त्याआधीचे पाचही सामने घरी आहेत. हा वेळापत्रकातला एकमेव दिलासा. (बघा, वेळापत्रकावर अक्षर लिहिलं.)

आता सरावाला वेळ किती, तो हिशेब. २०२४ च्या नियमांप्रमाणे शिबिरात जास्तीत जास्त २५ सराव. सुरुवातीला नुसतं हेल्मेट, मग शोल्डर पॅड, पूर्ण पॅड त्यानंतर. पूर्ण पॅड घालून फक्त ९ सराव, आणि त्यातल्या एका दिवशी पूर्ण टक्कर ७५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. सलग तीन दिवस तीही नाही. स्क्रिमेज, म्हणजे आपापसातले सराव सामने, दोन. नऊ गुणिले पंचाहत्तर, म्हणजे सव्वाअकरा तास. त्यात पहिली लाइन, दुसरी लाइन आणि क्वार्टरबॅकच्या तिन्ही उमेदवारांचे वाटे. नुसत्या हेल्मेटमध्ये डबल टीमचा दाब शिकता येत नाही, पावलं तेवढी घोटता येतात. डावीकडे मायल्स हिंटन आणि नॉर्थवेस्टर्नहून आलेला जॉश प्रीबी, उजवीकडे जोवानी एल-हादी, आणि उजव्या टॅकलला अँड्रू जेंट्री किंवा एव्हन लिंक. एकेकटा घेतला तर यातला कुणी वाईट नाही. पण शेजारी शेजारी हे किती स्नॅप खेळलेत? त्यामुळे उजवा टॅकल आणि सेंटर शिबिराच्या दुसऱ्या आठवड्याअखेर ठरले नाहीत, तर मला काळजी वाटेल. रोज आलटून पालटून खेळवणं म्हणजे सव्वाअकरा तासांचे तुकडे करणं.

यात एक गोम आहे, ती मूळ लेखात लिहायची राहिली. ही लाइन रोज आमच्याच बचावातल्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्यासमोर उभी राहणार. असली जोडी देशात दुसरी दाखवा. सराव उत्तम होईल, पण मोजमाप होणार नाही. लाइन हरली तर ती कच्ची आहे की समोरचे फार भारी आहेत, हे बाहेर बसून सांगता येत नाही. त्यामुळे शिबिरातून ‘डिफेन्स जोरात आहे’ अशा बातम्या आल्या की हुरळून जाऊ नका. दुसरी लाइन दुसऱ्या डिफेन्ससमोर कशी टिकते ते विचारा, आणि पहिल्या स्क्रिमेजमध्ये स्नॅपआधीच हलल्याच्या पेनल्ट्या किती झाल्या ते विचारा. त्या ग्रॅहममुळे होत नाहीत, एकमेकांची लय न जुळल्याने होतात.

आता तुमचे बाकीचे मुद्दे. बॉल फेकणार कोण? ऑर्जी, वॉरन किंवा टटल. ऑर्जी धावतो झकास, पण त्याने फेकलेले पास बोटांवर मोजण्याइतके. उरलेल्या दोघांचं साधारण उलट. २०२४ च्या संघाचे प्रमुख प्रशिक्षक शेरॉन मूर नाव सांगतील तेव्हा कळेल. त्याआधी मी चार परिच्छेद कशाचे लिहायचे होते, तिघांच्या पत्रिका मांडून? मिंटरच्या जागी २०२४ साठी आलेले विंक मार्टिनडेल मिंटरसारखेच बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाच्या मुशीतले आहेत, हाका आणि आखणी फारशी बदलू नये. हर्बर्ट गेले ते जाणवेल. खुणाचोरीचा विषय इथला नाही. तेच वाचायचं असेल तर ओहायोत लिहिणारे भरपूर आहेत, आणि त्यांना तुमचा सूरही आवडेल.

तिसऱ्या डाउनला नऊ यार्ड हवे असतील, म्हणजे बॉल फेकण्यावाचून गत्यंतर नसेल, तेव्हा लाइन काय करणार, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतं, तो तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा ठरला असता. माझं उत्तर असं की लाइन चांगली असेल तर तिसऱ्या डाउनला नऊ यार्ड हवेत ही वेळ कमी येते. हे उत्तर पुरत नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या बाजूनेही मीच वाद घालायचा का?

३१ ऑगस्टला फ्रेस्नो स्टेट, तिथे फार काही कळणार नाही. ७ सप्टेंबरला टेक्सास. त्यांचेही बचावातले दोन्ही टॅकल, स्वेट आणि मर्फी, ड्राफ्टमध्ये गेलेत, त्यामुळे आमच्या लाइनमधल्या मधल्या तिघांना श्वास घ्यायला जागा आहे. सामना दुपारी बाराला, आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. इथल्या मराठी घरांनी प्रतिष्ठापना सकाळी उरकून घ्यावी. तुम्हीही घ्या, आणि पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये, म्हणजे आमच्या हाती बॉल असतानाच्या पहिल्या दोन चढायांत, बॉल सोडून फक्त सेंटरकडे बघा. जमलं तर नावासकट लिहा.

ता. क. मूळ लेखात किगनची फेरी दुरुस्त केली आहे. फ्रेस्नो स्टेटच्या सामन्याची वेळही मी दुपारची लिहिली होती, ती संध्याकाळी साडेसातची आहे. हे तुमच्या तपासणीतून सुटलं.