हिला जरा उन्हात ने

काल रात्री अकराला ऑनलाइन गेममधली रेड होती, म्हणजे आठ जणांनी मिळून एका मोठ्या शत्रूला मारायची लढाई. आठातले सात जण आले होते, आठव्याचं जेवण उरकायचं होतं, म्हणून तेवढ्यात मी माझ्या हीलरच्या, म्हणजे लढाईत बाकीच्यांच्या जखमा भरणाऱ्या माझ्या पात्राच्या, कोटाचा रंग बदलायला घेतला. माइक चालू होता. एकाने विचारलं काय चाललंय, मी खरं ते सांगितलं. त्यावर महिन्याभरापूर्वी ग्रुपमध्ये आलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, इथे फॅशन शो नाहीये." आणि सगळे हसले. ज्यांच्याबरोबर चार वर्षं खेळतेय तेसुद्धा हसले.

तेव्हा काही बोलले नाही. खेळलो. बॉस, म्हणजे तो मोठा शत्रू, दोनदा आठ टक्के जिवावर आला आणि दोनदा आम्हीच मेलो, मग सगळे झोपायला गेले. सकाळी चहा टाकताना ते वाक्य परत आठवलं आणि चहा उतू जाईपर्यंत मी तशीच उभी. म्हणून लिहितेय. ज्यांना गेममधलं काही कळत नाही त्यांनीही वाचा, विषय तुमच्या कपाटातलाच आहे.

आम्ही खेळतो तो फायनल फँटसी फोर्टीन. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. यात तुमचं एक पात्र असतं आणि ते वर्षानुवर्षं तुमचंच राहतं. कॅमेरा त्याच्या मागे असतो, त्यामुळे रोज दोन-दोन तास तुम्ही त्याच्या पाठीकडे बघत असता. केस, खांदे, कोटाची शिवण, पाठीला लावलेली काठी. माझी हीलर २०१९ पासून अशी माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरातल्या भिंतीवरच्या एकाही फोटोकडे मी इतका वेळ बघितलेलं नाही. आणि ती कशी दिसते याने काय फरक पडतो म्हणे!

आईचा किस्सा सांगते. २०२० च्या मार्चमध्ये आई चार दिवसांसाठी म्हणून इचलकरंजीहून पुण्याला आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. आई चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. आमच्याकडे मशीन नाही, गिऱ्हाईक नाही, हाताला काम नाही. एका संध्याकाळी माझ्या मागच्या खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "ही कोण गं?" म्हटलं, मी. थोडा वेळ गप्प. मग, "हे कॉम्बिनेशन कोणी केलं?"

मी झगा जांभळा रंगवला होता, हातमोजे आणि बूट हिरवे.

"जांभळ्यावर हा हिरवा मेला. मोरपंखी पाहिजे."

गेममध्ये रंगांच्या डब्या मिळतात आणि त्यात 'पीकॉक ब्लू' नावाचा रंग आहे. लावला. मी तेव्हा सरायीतल्या खोलीत होते, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. काळपट दिसला. म्हटलं, बघ, नाही जमत. आई मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "ट्यूबलाइटखाली काय रंग बघतेस? हिला जरा उन्हात ने."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. मॅचिंग सेंटरमध्ये आई कधी काउंटरवर रंग ठरवत नाही. साडीचा पदर आणि अस्तराचं कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, दोन्ही उन्हात धरते, मान वाकडी करून बघते, आणि दहातल्या सात वेळा आत जाऊन दुसरं मागते. दुकानदार वैतागतो. ती ऐकत नाही.

पण गेममध्ये तेव्हा रात्र होती. तिथला अख्खा दिवस आपल्या सत्तर मिनिटांचा असतो. उजाडायला वीसेक मिनिटं होती. आईने तोवर कुकर लावला. मी हीलरला लिम्सा लोमिन्सा नावाच्या बंदरावर नेऊन उभी केली. पांढऱ्या दगडाचं शहर आहे, खाली निळं पाणी, आणि जगभरचे लोक तिथे चौकात काहीही न करता नुसते उभे असतात, कारण तिथे माणसं एकमेकांना बघतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि इकडे ऊन आलं. मोरपंखी असा उजळला की जांभळाही आपोआप तांबूस, श्रीमंत दिसायला लागला. आई पदराला हात पुसत आली. बघितलं. म्हणाली, "आत्ता कशी दिसतेय. जा, मार आता कोणाला मारायचंय ते."

त्या दिवशी जशी खेळले, तशी आधी कधी खेळले नव्हते. याला पुरावा नाही, मागूही नका.

आता मुद्द्यावर. हे पोरगे दोन गोष्टींची गल्लत करतात. ग्राफिक्स वेगळं, दिसणं वेगळं. ग्राफिक्स म्हणजे किती बारीक काढलंय, किती महाग कार्ड लागतं. दिसणं म्हणजे कशाशेजारी काय ठेवलंय आणि त्यावर उजेड कसा पडतोय. आमच्याच गेमचा इतिहास घ्या. २०१० मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा दिसायला इतका भरजरी होता की एका फुलांच्या कुंडीला खेळाडूच्या अख्ख्या पात्राएवढे पॉलिगॉन, म्हणजे आकृती घडवणारे छोटे तुकडे, लावले होते. एका कुंडीला! परिणाम काय, तर गेम अडखळायचा आणि खेळायला त्यात धड काही नव्हतं. शेवटी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या जगावर आकाशातून चंद्र पाडून गेम बंद केला आणि नवे निर्माते नाओकी योशिदा यांच्या टीमने तो नव्याने उभारून ऑगस्ट २०१३ मध्ये परत आणला. तर हो, नुसत्या नटण्यावर गेम चालत नाही. मान्य. पुढे.

नव्याने उभारलेल्या त्या गेममध्ये पहिल्या वर्षभरातच, २०१४ मध्ये, काय आलं? ग्लॅमर. म्हणजे अंगावर ताकदीचं चिलखत घाला, पण दिसू दे तुम्हाला आवडतो तो पोशाख. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन गेममध्ये हीच सोय २०११ पासून आहे. त्याआधी लोक सगळ्यात ताकदवान म्हणून एक खांदा केशरी, एक पँट पोपटी आणि डोक्यावर भलतंच काहीतरी घालून फिरायचे आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं कुरकुरायचे. कुरकुरणारे कोण होते? हेच सगळे. रात्रभर जागून रेड मारणारे.

आणि ज्यातल्या माणसांचं नाक त्रिकोणी आहे त्या रुनस्केप नावाच्या जुन्या गेमचं उदाहरण मला कोणी देऊ नका. "बघ ताई, २०१३ मध्ये लोकांनी मतं देऊन २००७ चं जुनं रुनस्केप परत आणलं, दिसण्याचं कोणाला काय पडलंय!" अरे, त्यांनी ते जुनं जग परत मागितलं म्हणजे ते तसंच दिसायला हवं होतं म्हणून ना? तोच चपटा हिरवा रंग, तेच ठोकळ्यासारखे हात. आणि रुनस्केपच्या नव्या आवृत्तीत सगळ्यात दुर्मिळ, सगळ्यात महाग वस्तूंमध्ये कुठली वस्तू येते? २००१ च्या नाताळात क्रॅकरमधून, म्हणजे दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळीतून, निघालेली कागदी टोपी. तलवारीचा वार अडत नाही, जादू वाढत नाही, काही होत नाही. डोक्यावर दिसते, बस. त्या टोपीसाठी माणसं वर्ष-वर्ष पैसे जमवतात.

आता मला खरंच राग येतोय, कारण काल जो बोलला त्या मुलाचंच सांगते. त्याने एका काळ्या घोड्यासाठी एकच लढाई सत्तरच्या वर वेळा मारली. त्यानेच आम्हाला सांगितलं, अभिमानाने. तो घोडा बाकीच्या घोड्यांपेक्षा तसूभरही जास्त पळत नाही. त्याचं चिलखत नखशिखांत काळं आहे, आणि तो काळा साधा नाही. स्वस्तातला 'सूट ब्लॅक' त्याला चालला नाही, कारण तो जरा राखाडीवर जातो. गिल, म्हणजे गेममधले पैसे, साठवून त्याने 'जेट ब्लॅक' घेतला. दोन काळ्यांतला फरक ज्याला दिसतो, तो मला फॅशन शो नाहीये म्हणून सांगतो! माझी आई त्याला लगेच कामाला ठेवेल.

हो, लढाई चालू असताना मीही बाकी सात जणांचे इफेक्ट, म्हणजे त्यांच्या वारांची रोषणाई, बंद ठेवते, नाहीतर शत्रूचा वार कुठे पडणार त्या जमिनीवरच्या खुणा दिसत नाहीत. आणि गेमवाले रोख पैशाला पोशाख विकतात ते मलाही पटत नाही. झालं?

२०२४ ची गोष्ट आहे. डॉनट्रेल नावाचा आमच्या गेमचा नवा भाग येणार होता, सगळ्या गेमचं रूप सुधारणार होतं. एप्रिलमध्ये त्याचा बेंचमार्क आला, म्हणजे आपलं पात्र नव्या रूपात कसं दिसेल ते आधी दाखवणारा प्रोग्रॅम. कापड सुरेख झालं होतं, वीणसुद्धा दिसायची. पण चेहरे उतरलेले. डोळ्यांतली चमक गेलेली. जगभरच्या लोकांनी जुना-नवा चेहरा शेजारी शेजारी लावून फोटो टाकले. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, काही न सांगता. आई म्हणाली, "हिला ताप आलाय का?" आणि मग लगेच, "उजेड चुकलाय. वरून टाकलाय सगळा."

पात्र बनवायच्या स्क्रीनवरचा उजेडच चुकला होता. योशिदांनी तसं मान्य केलं आणि मे महिन्यात दुरुस्त केलेला बेंचमार्क आला. लाखो लोक खेळतात त्या गेममध्ये एवढी मोठी टीम डोळ्यांतल्या चमकेसाठी परत कामाला बसली. कारण लोक म्हणत होते, ही ती नाहीये. माझी नाहीये. हे ज्याला बालिश वाटतं त्याने आपल्या माणसाचा पासपोर्ट फोटो बघावा.

त्याच डॉनट्रेलमध्ये बऱ्याच कपड्यांना दोन-दोन रंग लावायची सोय आली. अंग वेगळं, काठ वेगळा. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग इतकी वर्षं पायपिंग आणि ब्लाउज एकाच रंगात? आणि तुम्ही चालवून घेतलंत?"

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराचं वय एकोणीस. त्याच्या कॉलेजात, त्याच्या मित्रांत रंगाबद्दल बोललं तर काय ऐकावं लागतं ते मला माहीत नसलं तरी अंदाज आहे. काळा घेतला की कोणी विचारत नाही. जांभळा घेऊन बघ म्हणावं एकदा.

आणि आमच्या आठांपैकी सहा जणांना मी प्रत्यक्षात कधी भेटलेले नाही. एक दुबईत, एक नाशिकला, एक रात्रपाळी करून येऊन खेळतो. आवाज ओळखते, पण चौकातल्या गर्दीत मी त्यांना आवाजाने शोधत नाही. तो लाल टोपीवाला दिसला की आमचा टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, आला. मध्यंतरी तो चार महिने गायब होता, घरी आजारपण होतं. एका रात्री लिम्साच्या पायऱ्यांवर ती लाल टोपी लांबून दिसली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. नाव वाचायच्या आधी. काल तोही हसला, म्हणून जास्त लागलं असेल.

आज रात्री परत रेड आहे. कोट बदललाय. अंगाला गडद जांभळा, काठाला मोरपंखी, आणि हातमोज्यांना एक जुना सोनेरी, ज्याची मला खात्री नाही. खोलीत चांगला दिसतोय, पण तो खोलीतला उजेड. आत्ता गेममध्ये पहाटेचे चार वाजलेत, ऊन यायला पाचेक मिनिटं आहेत. बंदरावर येऊन उभी आहे. आईला व्हिडिओ कॉल लावलाय, ती म्हणतेय थांब, चष्मा आणते.