गोळ्या उरल्यात? माशांना द्या की ओ!

घरात मुदत संपलेल्या गोळ्या साठल्यात? बिनधास्त राहा. मागच्या आठवड्यात आमच्याही पिशवीभर निघाल्या. त्यातून मिळालेलं ज्ञान फुकट वाटतोय, घ्या.

लागतील तेवढ्याच गोळ्या कधी मागू नका. डॉक्टरांनी पाच लिहिल्या तरी पाकीट दहाचं असतं. मेडिकलवाला म्हणतो, "कापून देत नसतो ओ."

मुदत संपल्यावर त्या मेडिकलात परत नेऊ नका. मी नेल्या. काउंटरवरच्या पोरानं आत साप असल्यासारखं पिशवीत डोकावलं. "हे घेत नाही काका. संडासात टाकून फ्लश मारा की." घंटागाडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ओल्यात टाका नायतर सुक्यात, पुढं एकच होतंय." प्रामाणिक माणूस.

तर मारा फ्लश. मासे तरी बिचारे कुठल्या डॉक्टरकडं जाणार? कंबरदुखीवरचं आपलं डायक्लोफेनॅक ट्राउट माशांना पाण्यातून दिलं, तर त्यांची किडनी आणि कल्ले बिघडले. कंबर मात्र थांबली असेल दुखायची. स्वीडनच्या संशोधकांनी पर्च माशांना चिंतेवरचं ऑक्झेपॅम दिलं, ते 2013 साली छापून आलं. मासे धीट झाले, कळप सोडून एकटे हिंडायला लागले, भराभर खायला लागले. आणि गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक? कॅनडात एका तलावात 2001 ते 2003 असं तीन उन्हाळे मुद्दाम सोडलं. लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाची भाषा. तेवढ्यानं नरांच्या अंगात अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि फॅटहेड मिनो नावाचा बारका मासा त्या तलावातून जवळजवळ संपला. तुम्ही तर बाटलीच्या बाटली ओतता!

"सांडपाणी साफ करणारा एसटीपी आहे की." आहे ना. घाण काढायला बांधलाय तो. फिटच्या गोळीतलं कार्बामाझेपिन त्यातून बहुतेक जसंच्या तसं बाहेर पडतं.

औषधांचा कारखाना काढणार असाल तर पाटणचेरूचा आदर्श ठेवा. हैदराबादजवळच्या या गावातल्या प्रक्रिया केंद्रातून 'स्वच्छ' होऊन निघालेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं. ते औषध खाणाऱ्या पेशंटच्या रक्तातसुद्धा एवढं नसतं.

पुणेकरांना मात्र नावं ठेवू नका. त्यांचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून आपल्या उजनी धरणात. त्यांनी तिकडं फ्लश मारायचा, आपण इकडं सोलापुरात पाणी येईल तेव्हा नळाखाली हंडा लावायचा. आणि तेही कमी पडतं म्हणून आपण आपलं नाल्यात सोडायचं, सीना नदीच्या माशांना!

बास झाली चेष्टा. 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळी लिहिली होती. ती घ्यायला शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं, हेही तिथंच लिहिलं होतं. तुम्ही बघितलंय कुठं? मेडिकलवाल्यांनो, दहाचं पाकीट गळ्यात मारताना तुम्हाला काही वाटत नाही, मग परत घ्यायला दुकानात एक डबा ठेवला तर काय बिघडतं? आणि तुम्ही वाचणारे! दोन दिवसांत बरं वाटलं की कोर्स सोडता आणि उरलेलं मोरीत ओतता. नगरसेवकाला एकदा तरी विचारलंत का ते केंद्र कुठंय म्हणून? रविवारी उजनीची चिलापी मिटक्या मारत खाता, मग फ्लशचं बटण दाबायला हात कसा धजतो तुमचा?