फोटोची मागची बाजू

परवा रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. घ्यायचं होतं पितळी कुलूप, घेऊन आलो चाळीस रुपयांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. एक कोपरा कसरीनं खाल्लेला. कसब्यात वाडा पडला होता, त्याचा. ढिगाऱ्यावर अग्निशमन दलाचे दोन जवान, मध्ये आडवी झालेली तुळई, आणि अगदी उजव्या टोकाला समोरच्या गॅलरीत पातेलं धरून उभी असलेली एक बाई. हातातलं पातेलं खाली ठेवायचंही तिला सुचलेलं नाही.

फोटो उलटा केला. मागे निळ्या पेन्सिलीत लिहिलंय, ‘3 कॉलम, सिटी, तातडीचे’. अक्षर माझं.

नव्वदच्या दशकात मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. फोटो काढलेला मामांनी, आमच्या फोटोग्राफरनी. ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी कॉलम लिहिले, पान लिहिलं, कुठून कापायचा त्याची रेघ मारली. मामांचं नाव लिहिलं नाही. दुष्टपणा नव्हता हो, तशी पद्धतच नव्हती. छापताना खाली बारीक टाइपात ‘छाया’ म्हणून नाव गेलं तर गेलं. मजकूर जास्त झाला की पहिल्यांदा तीच ओळ उडायची, आणि उडवणाऱ्यांत मी होतो.

त्या दिवसापासून डोक्यात वीजी घोळतोय. न्यूयॉर्कचा प्रेस फोटोग्राफर. खरं नाव आर्थर फेलिग. जन्म 1899 चा, आजच्या युक्रेनमधल्या झोलोचिवचा. लहानपणीच अमेरिकेत आलेलं गरीब ज्यू पोर. एका फोटो एजन्सीच्या डार्करूममध्ये बरीच वर्षं हात काळे केले आणि 1935 मध्ये स्वतंत्र धंदा सुरू केला. राहायला खोली घेतली ती पोलीस मुख्यालयाच्या आसपासच. 1938 पासून गाडीत पोलिसांचा रेडिओ. डिकीत टाइपरायटर, फ्लॅशचे बल्ब, सिगार, बदलायचे कपडे. खून, आग, अपघात, कुठेही हा हजर. आणि प्रिंटच्या मागे शिक्का काय मारायचा? ‘सुप्रसिद्ध वीजी यांचा फोटो’. सुप्रसिद्ध! स्वतःच!

आपल्याकडे अशा माणसाला सदाशिव पेठेनं एका वाक्यात गार केलं असतं. मलाही पूर्वी तो आगाऊच वाटायचा. आता वाटतं, त्या काळात त्याच्यासारखे रात्री वणवण फिरणारे कितीतरी असतील. ज्यानं मागे शिक्का मारला तो राहिला. 1943 मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यानं काढलेले फोटो संग्रहात घेतले, 1945 मध्ये पुस्तक आलं. तो 1968 मध्ये गेला. त्याच्यामागे विल्मा विलकॉक्स या त्याच्या जोडीदारणीनं ती सगळी खोकी सांभाळली, आणि 1993 मध्ये तिच्या मृत्यूनंतर हजारो प्रिंट न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे गेले. तिनं ती रद्दीत घातली असती, तर आज त्याच्या मोठेपणावर कोण कशाला बोललं असतं?

माणूस धुतल्या तांदळासारखा मुळीच नव्हता. हिऱ्यांनी मढलेल्या दोन श्रीमंत बायका ऑपेराला चालल्यात आणि बाजूला एक फाटकी बाई त्यांच्याकडे खाऊ की गिळू नजरेनं बघतेय, हा त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो. त्या बाईला दारू पाजून तिथं मुद्दाम आणून उभं केलं होतं, असं त्याच्याच मदतनीसानं पुढे सांगितलं. फोटो जबरदस्त आहे. पण याला बातमीचा फोटो म्हणू नये. आमच्या मामांनी असं केलं असतं, तर त्यांना आम्ही दारात उभं केलं नसतं.

मला त्याचा पटतो तो 1941 मधला ब्रुकलिनचा फोटो. खून पडलाय, पण प्रेत फोटोत नाहीच. हा कॅमेरा घेऊन गर्दीकडे वळलाय. शाळकरी पोरं चेंगराचेंगरी करत पुढे घुसतायत, एक-दोघं चक्क हसतायत, आणि त्यांच्या मधोमध मेलेल्याची मावशी की आत्या ओक्साबोक्शी रडतेय. इंग्रजीत दोघींना एकच शब्द, त्यामुळे नातं कळत नाही, रडणं कळतं.

आणि आपलं? दर 12 जुलैला पानशेतचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. 1961 चा पूर, पाण्याखालचा लकडी पूल, पेठांमधला चिखल. निम्म्या पुण्याला पूर आठवतो तो या फोटोंमुळेच, कारण तेव्हा आपण जन्मलोच नव्हतो. माझ्या फोनवर आजवर आलेल्या एकाही फोटोखाली काढणाऱ्याचं नाव नव्हतं. धरण फुटल्याची बातमी ऐकून लोक टेकड्यांकडे पळत असताना कुणीतरी कॅमेरा घेऊन पाण्याकडे गेला असणार ना? त्याच्या जागी आपण लिहितो, ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’.

तेव्हा एक काम करा. घरात कुणी प्रेसला असेल, माळ्यावर खोकं असेल, तर उघडा. प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीनं नाव, जागा, साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. आणि रद्दीवाल्याला देण्याआधी निदान एक फोन करा कुणाला तरी. मला करा.

काल फोटो घेऊन मामांकडे गेलो. ऐंशी पार केलीय, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी आधी मागची बाजू दाखवली, म्हटलं, “मामा, चुकलंच माझं. आता तुमच्या हातानं नाव लिहा.” त्यांनी नाव वगैरे बाजूला ठेवलं. फोटो सुलटा केला, खिडकीशी नेला, डोळ्याजवळ धरला. माझ्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं. रेघ बरोबर त्या गॅलरीतल्या बाईच्या अलीकडून गेली होती.

“ही पातेलंवाली का रे कापलीस?” म्हणाले. “हिच्यासाठी तर काढला होता.”