नववा एमसीबी

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराचा डीबी, म्हणजे विजेच्या बटणांची पेटी, जिन्याखाली आहे, चपलांच्या स्टँडच्या बरोबर वर. झाकण उघडलं की दहा एमसीबी (आपोआप पडणारी बटणं) ओळीनं उभे दिसतात आणि प्रत्येकाखाली कुण्या जमान्यातल्या वायरमननं मार्करनं लिहिलेलं नाव. ‘बच्चों का’ लिहिलंय त्या खोलीत आता नाना झोपतात. ‘कूलर’वर एसी चालतो. ‘हॉल’ पाडला की हॉल तसाच झगझगीत राहतो, वर गच्चीच्या खोलीतलं वॉशिंग मशीन मात्र मध्येच गप्प होतं. नवव्याखाली ‘स्पेअर’ असं लिहिलेलं. 2017पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत पहिलं येत गेलेलं हे शहर. ओला कचरा कुठल्या डब्यात नि सुका कुठल्या, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्या घरातला कुठला प्लग कुठल्या बटणावर आहे, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. फ्रिजनं एकदा आईला झटका दिला आणि मग वायरमनच्या सल्ल्यानं आम्ही आरसीसीबी बसवून घेतला. तो काय करतो, हे त्यानं खास इंदुरीत समजावलं: “भिया, जित्ता करंट जाए, उत्ता लौटना चइए. तीस मिलीअँपिअर भी कम लौटा, तो ये गिर जाएगा.” म्हणजे शेजारी साखर घालून पाठवलेली वाटी तितकीच भरून परत आली पाहिजे, चिमूटभर कमी पडली तरी हा व्यवहार बंद करतो. एमसीबीचं तसं नाही. तो बिचारा तारेवर फार लोड आला किंवा शॉर्ट झालं तरच पडतो, बाकी उधारी-उसनवारीत नाक खुपसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहाला आमचा आरसीसीबी पडायला लागला. मुहूर्त काढल्यासारखा. वर करावा तर टिकत नसे, फट्दिशी खाली. आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर केला की सुतासारखा सरळ. वायरमन यायचा दहाला, सगळी बटणं दाबून बघायचा, सगळं उत्तम चालायचं. आईच्या हातचे पोहे खायचा, वर सेव मागून घ्यायचा. शेवटी म्हणाला, “पेले ये निकालो, कौन सा पाइंट किसपे है. फिर अपन पकड़ लेंगे.” हे ‘अपन’ म्हणजे कोण, ते रविवारी कळलं.

शास्त्रोक्त पद्धत सोपी आहे. प्लगमध्ये दिवा लावायचा, खाली एकेक बटण पाडायचं, दिवा गेला की वरून हाक मारायची. वायरमनकडचा नुसता टेस्टर इथे कामाचा नाही. तो फक्त आत वीज आहे एवढं सांगतो, ती आली कुठून हे सांगत नाही. तेव्हा चिरंजीव टेबललँप घेऊन खोल्याखोल्यांतून, मी वही घेऊन जिन्याखाली.

“गेला का?”

“काय?”

“दिवा!”

“कुठला?”

“तू ज्याच्यासमोर उभा आहेस तो!”

“मी बाथरूममध्ये आहे.”

त्यात तिसरं बटण पाडलं तेव्हा माडीवरून बायकोचा असा काही आवाज आला की वहीत ‘3 – वायफाय’ हे आपोआप लिहिलं गेलं. रविवारी कसली मीटिंग, असं विचारण्याचं धाडस मी केलं नाही. चौथ्यानं तर वेडच लावलं. मधल्या खोलीचे दिवे काही केल्या जाईनात. दहाही पाडले, तरी चालूच! चिरंजीवांना यात भुताटकी दिसायला लागली होती, तेवढ्यात कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरनं पीक् केलं. मेनची वीज गेली की तो इमानदारीत बॅटरीवर दिवे चालू ठेवत होता. त्याला बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सहाव्यापाशी आई आडवी आली. देवघरातला झिरोचा बल्ब त्याच्यावर असावा असा संशय होता.

“देवापुढचा दिवा विझवायचा नाही.”

“अगं, तो बल्ब आहे. विझत नाही, बंद होतो.”

“तेच म्हणते मी.”

शेवटी तिनं तुपाचं निरांजन लावलं, मग परवानगी मिळाली. देवघराच्या बल्बबरोबर नानांचा टीव्हीही गेला आणि नानांनी ‘देवाचं समजू शकतो’ अशी प्रतिक्रिया दिली.

असं का होतं? माझं मत विचाराल तर वायरिंग भिंतींच्या हिशेबानं होतच नाही, ते घरातल्या कार्यांच्या हिशेबानं होतं. लग्न निघालं की दोन पॉइंट वाढतात, बाळंतपणाला एक, पहिला एसी आला की एक. आणि दरवेळचा वायरमन सगळ्यात जवळची चालू तार बघून तिथनं ओढतो. नियमानं दिवे-पंखे वेगळे, सोळा अँपिअरचे जड पॉइंट वेगळे. आमच्याकडे पंखा, वॉशिंग मशीन आणि बेल एका तारेवर सुखानं नांदतात.

दुपारपर्यंत वही भरली. मोटर तेवढी राहिली, कारण नळाला नर्मदेचं पाणी येतं एक दिवसाआड आणि तो दिवस कोरडा होता, शेजारच्या काकांकडच्या हौदात उपसायला थेंब नाही. आणि राहिला नववा. पाडला, काहीही गेलं नाही. उचलला, काहीही आलं नाही. खरंच स्पेअर दिसतोय म्हणून खालीच ठेवला.

सोमवारी सहा वाजले. आरसीसीबी जागचा हलला नाही. सव्वासहा झाले, तरी दिवे चालू! मी आईला चहा टाकायला सांगतोय तोच दाराशी काकू. आजोबा गेल्यावर वाड्याच्या वाटण्या झाल्या, चौकातून भिंत उभी राहिली, पलीकडे काका-काकू. डोक्याला पंचा, हातात बादली.

“तुमच्याकडे लाइट आहे का रे? आमचा गीझर बघ ना मेला. नवीन एलिमेंट टाकलं, तरी पाणी गारच. इतके दिवस लाल दिवा निदान लुकलुकून तरी जायचा, आज तोही नाही.”

मी जिन्याखाली जाऊन नववा उचलला. भिंतीपलीकडून काका ओरडले, “लागला गं!” आणि आमचं अख्खं घर अंधारात.

वाटणीत भांडी मोजली गेली, दागिने तोलले गेले, परसातल्या पेरूच्या फांद्यासुद्धा ठरल्या. भिंतीतल्या तारा कुणाला आठवल्याच नाहीत. गीझरची फेज, म्हणजे करंट नेणारी तार, आमची; न्यूट्रल, म्हणजे परत आणणारी, काकांची. आमच्याकडून गेलेला करंट त्यांच्या मीटरनं घरी जायचा, वाटी काही परत यायची नाही. आरसीसीबी येईपर्यंत हे कुणाला खुपलं नव्हतं. काका बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करतात (आणि ते सगळ्या रामबागेला माहीत आहे), त्यामुळे मुहूर्त फक्त काकूंचा, सहाचा.

मला राहवलं नाही. दोन हजार वॉटचा गीझर, रोज वीस मिनिटं, म्हणजे महिन्याला वीस युनिट, असं मी वहीवर मांडायला लागलो. काकूंनी बादली खाली ठेवली, पंचा नीट केला.

“मांड, मांड. आणि नर्मदेच्या दिवशी आमच्या हौदातून तुमच्या टाकीत पाणी चढवते ती मोटर कुणाच्या मीटरवर आहे, तेही विचार नानांना.”

नानांनी पेपर उलटा धरला होता, पण वाचत होते.